शाळा किती लांब होती?

आमच्या घरमालकीणबाईंना कोणी नमस्कार केला, तर त्या उलट नमस्कार करायच्या नाहीत. आधी माणसाला वरून खालपर्यंत पाहायच्या, आणि मग विचारायच्या, "तुमच्या घरापासून शाळा किती लांब होती?"

दूधवाल्याला हेच. विजेचं मीटर पाहायला आलेल्याला हेच. एकदा मतं मागायला एक नेते आले. पांढरे कपडे, गळ्यात झेंडूचा हार, मागे झेंडे घेतलेले पोट्टे. नेते पायरीवर वाकून म्हणाले, "माताजी, आशीर्वाद दीजिए."

बाई म्हणाल्या, "पहले बताओ, स्कूल कितनी दूर था?"

नेते हसले. "हमारे तो गाँव में ही था, माताजी."

"और बगल वाले गाँव का?"

आता ते काही त्यांना माहीत नव्हतं. बाई म्हणाल्या, "तो पता करके आना, फिर आशीर्वाद ले जाना." आणि दार लावून घेतलं. नेते पुन्हा काही आले नाहीत. निवडून मात्र आले.

मी काही लिहिणारी बाई नव्हे. चौथीपर्यंत शिकलेली. पुढचं सगळं इकडून-तिकडून उचललेलं. पण बाईंबद्दल कोणी तरी लिहायला पाहिजे असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. त्यांचे शिकलेले नातेवाईक लिहीत नाहीत, तर म्हटलं आपणच बसावं. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

बाईंचं घराणं रायपूरचं जुनं मराठी, भोसल्यांच्या वेळेपासून इथलं. बूढापारा मोहल्ल्यात तलावाजवळ त्यांचं घर होतं आणि घरामागे, अंगणाला धरून, किरायाच्या खोल्यांची एक ओळ. बाईंनी लग्न केलं नव्हतं. सरकारी मुलींच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. अंगावर सुती साडी, पायात मात्र पुरुषांच्या जाड चपला. कोणी त्याबद्दल टोकलं तर म्हणायच्या, "बायकांच्या चपला घरात फिरायला असतात. मला रस्त्यावर काम असते."

किरायदारांना त्या नावानं हाक मारत नसत. गावानं मारत. मी गोंदियावाली. ओळीतल्या पहिल्या खोलीतली जशपूरवाली. पलीकडे ओडिशातून आलेलं कुटुंब, त्या बाईला नुसतंच "ए बलांगीर!" म्हणायच्या. आणि बलांगीर हात पुसत धावत यायची, "हव बाई, हव बाई" करत. छत्तीसगढी ती इथे येऊन शिकली होती.

आता खोल्यांचं सांगते, कारण गंमत सगळी तिथेच आहे. ओळीतली पहिली खोली सगळ्यांत चांगली. तिला तलावाकडे उघडणारी खिडकी होती, नळ अगदी दाराशी. शेवटची खोली संडासाला टेकलेली, तिच्यात दिवसासुद्धा बल्ब लावावा लागे. किराया सगळ्यांना सारखा. तुम्ही म्हणाल, मग चांगली खोली कोणाला? जो पहिला येईल त्याला? नाही. ज्याची शाळा सगळ्यांत लांब होती त्याला खिडकीची खोली. त्याहून जवळची ज्याची, त्याला दुसरी. असं करत करत, ज्याची शाळा घराच्या उंबऱ्याशी, त्याला संडासाजवळची.

एक बँकेतला क्लार्क आला होता, रायपूरचाच, शाळा त्याच्या गल्लीच्या तोंडावर. त्याला बाईंनी शेवटची खोली दाखवली. तो म्हणाला, "दीदी, मैं किराया ज्यादा दूँगा, आगे वाला कमरा दे दो."

बाई म्हणाल्या, "भैया, तुमको बचपन से खिड़की मिली हुई है. अब थोड़े दिन इनको बैठने दो."

तो "पागल बुढ़िया" म्हणत निघून गेला. बाईंनी ऐकलं. मला म्हणाल्या, "पागल म्हणाला ते ठीक आहे. बुढिया कशाला म्हणायचं?"

आम्ही आलो तेव्हा हा कायदा आम्हाला ठाऊक नव्हता. आमचे हे रायपूरबाहेर उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात, एका रोलिंग मिलमध्ये ठेक्यावर कामाला लागले होते. मी गावाहून पेटी, पोरगी आणि एक टोपलीभर सामान घेऊन आलेली. दारात उभे राहिलो, नमस्कार केला. बाईंनी विचारलं, "शाळा किती लांब होती?"

आमच्या ह्यांना वाटलं, मास्तरीणबाई आहेत, अडाण्याला खोली देणार नाहीत. तर छाती काढून म्हणाले, "हायस्कूल? गावातच व्हतं बाई. घरासमोरच. ह्यायच्या बी गावात व्हतं." ह्यायच्या म्हणजे माझ्या. मी पदराआडून त्यांच्याकडे पाहतच राहिले. माझ्या गावात हायस्कूल! माझ्या गावात धड हातपंप नव्हता.

बाई म्हणाल्या, "वा. मग शेवटची खोली तुमची."

दोन-चार दिवसांनी नळावर जशपूरवालीनं मला कायदा समजावला. मी घरात येऊन ह्यांना सांगितलं. हे डोक्याला हात लावून खाली बसले.

"आता सांगून द्या ना खरं," मी म्हटलं.

"काय सांगू? खोटं बोललो म्हणू? मास्तरीण हाय ते. कान धरून भाईर काढन."

"मंग राहा संडासापाशी."

"राहू," ते म्हणाले. आणि राहिलो. एक ना दोन, किती तरी वर्षं राहिलो.

बाईंना 'हुशार' हा शब्द चालत नसे. कोणी म्हटलं, अमक्याचा मुलगा फार हुशार, की त्यांच्या कपाळावर आठी. त्यांचा पुतण्या पुण्याला मोठ्या कंपनीत होता. दिवाळीला यायचा तेव्हा नातेवाईक त्याच्याभोवती जमायचे, केवढा पगार, केवढी गाडी, केवढा हुशार. बाई चिवड्याचं ताट घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "हुशार म्हणू नका, जवळचा म्हणा. हा जन्मला तेव्हा शाळा याच्या पाळण्याच्या टोकाशी होती. मीसुद्धा जवळचीच. घंटा झाली की मी ताटावरून उठायची, अन् प्रार्थनेला हजर."

पुतण्या बिचारा चांगला होता. हसून म्हणायचा, "आत्या, म्हणजे मी काहीच केलं नाही?"

"केलंस ना. चाललास. पण सावलीतून चाललास, एवढं लक्षात ठेव." आणि त्याच्या ताटात आणखी एक लाडू टाकायच्या.

त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतीवर छत्तीसगढचा मोठा नकाशा होता, आणि त्याच्यावर कपाळाला लावायच्या लाल टिकल्या चिकटवलेल्या. ज्याची शाळा लांब, त्याच्या गावावर टिकली. सदर बाजारातला बांगडीवाला त्यांना चिडवायचा, "बाई, इस उमर में इतनी बिंदी किसके लिए?" बाई म्हणायच्या, "सरकार के लिए. उसका माथा सूना है." नकाशात रायपूर-दुर्गच्या भोवती सगळं कोरं, आणि कडेकडेला, जशपूरकडे, बस्तरकडे, देवी आल्यासारख्या टिकल्या. मला एकदा जवळ बोलावून म्हणाल्या, "हे पाहा गोंदियावाली. टिकल्या आहेत तिथली माणसं उरल्यात भट्टीपाशी. टिकल्या नाहीत तिथली माणसं उरल्यातच, पण ऑफिसात. भट्टी तीच. पगार मात्र ज्याच्या-त्याच्या शाळेच्या रस्त्यावरून ठरतो."

मी मान हलवली. आमचे हे संध्याकाळी यायचे तेव्हा त्यांचे डोळे आणि दात तेवढे पांढरे दिसायचे. त्यांच्या बरोबरीनं लागलेला एक दुर्गचा पोट्टा आयटीआय झालेला होता, तो ऑपरेटर झाला, मग सुपरवायजर. हे लोखंड उचलायचे ते उचलतच राहिले.

बाईंना हा नाद कसा लागला ते त्यांनी एकदाच सांगितलं. नोकरी लागल्यावर पहिली बदली दूर सरगुजाकडे झाली. तिसऱ्या तासाला अर्धा वर्ग झोपायचा. बाई तरुण, तापट. हेडमास्तरांकडे गेल्या, म्हणाल्या, पोरी मठ्ठ आहेत. हेडमास्तर म्हणाले, शनिवारी शाळा सुटली की यांच्यातल्या एकीबरोबर तिच्या घरी जा, मग बोलू. बाई गेल्या. "दुपारी निघालो," त्या म्हणाल्या, "अन् पोचलो तेव्हा त्या पोरीची आई दिवा लावत होती. सोमवारपासून मी तिसऱ्या तासाला आवाज बारीक केला." एवढंच. 

आणखी एक त्यांचा कायदा होता, कुकरचा. दिवे लागले की मुलं जेवायला बसेपर्यंत पूर्ण ओळीत कुकरची शिटी वाजता कामा नये. टीव्ही नाही, भांडण नाही, मिक्सर नाही. पोरं अभ्यास करतात. चुकून कोणाची शिटी वाजली, की पुढून आवाज यायचा, "को-ण-आ-हे?" बलांगीर तर एकदा घाबरून चुलीवरचा कुकर उचलून तलावाच्या पायऱ्यांवर घेऊन पळाली होती. गल्लीला आमची वेळ पाठ झाली होती, कारण दिवस मावळायच्या आत सगळ्या खोल्यांतून एकदम शिट्या सुरू व्हायच्या, जशी काही मालगाडी निघाली.

पण ऐका, त्या कायद्यानं माझं भलं झालं. स्वयंपाक आटोपलेला, बोलायचं नाही, टीव्ही नाही, मी करू काय? पोरीच्या शेजारी बसून तिची पुस्तकं उचलायची. आधी चित्रं पाहिली. मग अक्षर लावून वाचायला लागले. ती पाचवीत तर मी पाचवीत, ती सहावीत तर मी सहावीत. तिची पुस्तकं हिंदीत, माझी अक्षरं मराठीत, पण अक्षर तेच ना. मराठी पुस्तकं बाई द्यायच्या, वर्तमानपत्राचं कव्हर घालून. आज मी हे चार शब्द जोडून राहिली ते त्या मुक्या संध्याकाळच्या कृपेनं.

आता ती गोष्ट सांगते, जिच्यामुळे मी बाईंचं नाव रोज घेते.

पोरगी आठवी पास झाली त्या उन्हाळ्यात मिलची भट्टी थंडी झाली. माल उठत नाही म्हणे. ठेकेदार म्हणाला, कल से मत आना. ह्यांनी उरला पालथा घातला, सिलतऱ्याच्या कारखान्यांकडे जाऊन आले. कोणी उभं करेना. सगळीकडे पहिला सवाल एकच, कितना पढ़े हो? शेवटी एक दिवस दुपारी येऊन म्हणाले, "गावी चाललो. भाऊ हाय, धानाच्या दोन बांध्या हायत. इथं काय ठेवलं हाय?"

पोरगी कोपऱ्यात पुस्तकाला कव्हर घालत होती. तिचा हात थांबला. "पापा, मेरा नौवीं?"

"तिकडं शिकजो."

"वहाँ कहाँ है स्कूल?"

"हाय," ते म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

मला माहीत होतं काय आहे ते. मी त्याच गावात सून म्हणून गेलेली. गावात शाळा होती ती लहान पोरांची. हायस्कूल नाल्यापलीकडे, दोन गावं ओलांडून. पावसाळ्यात नाला भरला की तिकडचं तिकडे, इकडचं इकडे. गावातली एकही पोट्टी नववीला गेल्याचं मी पाहिलं नव्हतं. माझ्या दोन्ही नणंदा चौथीनंतर शेण गोळा करत मोठ्या झाल्या. पोरगी तिथे गेली की तिचं पुस्तक मिटलं, आणि दोन वर्षांत लग्न. हे मला जसं माझं नाव माहीत तसं माहीत होतं.

मी बाईंकडे गेले. वाटलं, या अडवतील. या सोडणार नाहीत. सगळं सांगितलं आणि रडले. बाईंनी ऐकून घेतलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "यात रडायचं काय? तुमच्या गावात तर हायस्कूल घरासमोर आहे."

झालं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. ते खोटं इतक्या वर्षांनी असं आडवं आलं. मागे वळून पाहिलं तर हे दारात उभे. मान खाली. आता मी बोलले तर नवऱ्याची मान जन्माची खाली जाते, नाही बोलले तर पोर जाते. मी नुसती पदर पिळत उभी राहिले.

तेवढ्यात बाईच म्हणाल्या, "मी येते तुमच्यासोबत. पोरीचं नाव मीच घालून देते. गणिताला कोण आहे तेही पाहून घेते."

हे घाबरले. "बाई, एवढ्या उन्हातान्हात तुम्ही काहून..."

"ऊन तुमच्याच गावात आहे का? उद्या सकाळची गाडी."

त्यांना सगळं आधीच ठाऊक होतं का? मला आजही माहीत नाही. गणिताच्या मास्तरीणबाई होत्या. दहावी झालेला माणूस किरायाच्या पावतीवर सही करताना इतका घाम पुसत नाही, हे त्यांनी पाहिलं नसेल का? पण मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनी कधी कळू दिलं नाही.

सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही चौघं निघालो. आमगावला उतरलो, काळीपिवळी जीपनं फाट्यापर्यंत, तिथून पायी गाव. दिराच्या घरी पोचलो तेव्हा बाईंचा चेहरा लाल झालेला. माझ्या जावेनं पाणी दिलं आणि मला चुलीपाशी ओढून विचारलं, "ह्या कोण वं?"

"आमच्या घरमालकीण."

"अवो माय! किराया वसूल कराले इथलोक आल्या?"

चहा झाला. बाई उठल्या, चपला घातल्या. "चला. समोर म्हणालात ना?"

घरासमोर गोठा होता. गोठ्यामागे मोहाचं झाड. बाईंनी गोठ्याकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे पाहिलं.

"थोडं पुढं हाय बाई," हे म्हणाले.

दीर मोटारसायकल काढू लागला. बाई म्हणाल्या, "राहू द्या. पोर काय रोज मोटारसायकलनं जाणार आहे?"

निघालो. गाव संपलं. बांध्या लागल्या, सगळ्या भेगाळलेल्या. पहिला पाऊस व्हायचा होता, सावली औषधालासुद्धा नाही. बाई चालतायत, जाड चपला फटफट वाजतायत.

"अजून?"

"हे काय बाई, थोडं पुढं."

पहिलं गाव आलं, गेलं. तिथल्या पारावरचे म्हातारे उठून पाहू लागले, ही कोणाची वरात. बाई एकदा थांबल्या, पाणी प्यायल्या, परत चालू लागल्या. मला वाटे आता बोलतील, मग बोलतील. त्या चालतच राहिल्या. पोरगी माझा हात धरून होती, तिला बहुतेक सगळं कळलं होतं. हे सगळ्यांत पुढे. त्यांची चाल हळू होत गेली, होत गेली, आणि नाल्यापाशी येऊन ते उभेच राहिले.

नाला कोरडा होता. रेती आणि गोटे. काठावर एक मोठा काळा दगड, त्याच्यावर करंजाच्या झाडाची सावली.

"चला," बाई म्हणाल्या.

"बाई," हे म्हणाले, "इथून पुढं मले रस्ता माहीत नाही."

"काहून?" बाईंच्या तोंडून आमचाच शब्द निघाला.

"मी गेलोच नाही कधी."

मग ते खाली बसले आणि बोलले. माझ्याशी लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, मलासुद्धा हे माहीत नव्हतं. चौथी झाल्यावर आईनं भाकर बांधून दिली, जा म्हणाली, पाचवीत नाव घाल. पावसाचे दिवस. इथपर्यंत आले, तर नाला भरून चाललेला. त्या काळ्या दगडावर बसून राहिले. भूक लागली तेव्हा भाकर खाल्ली. शाळा सुटायचा टाइम झाला असं वाटलं तेव्हा परत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नाला उतरला, तरी भीती उतरली नाही. आईला वाटे पोर शाळेत जातो. घरात कौतुक. असं करता करता दिवाळी आली. मग बापानं गुरांमागे लावलं.

"मास्तरांनी विचारलं नाही, मुलगा का येत नाही?" बाईंनी विचारलं.

"मास्तरले माहीतच नव्हतं बाई, का मी हाओ म्हणून."

 बाई रागावतील म्हणून मी देवाचं नाव घेत होते. त्या रागावल्या नाहीत. दगडावर टेकल्या, पायातली चप्पल काढली, तळव्याला फोड आला होता तो पाहिला. मग विचारलं, "पाणी किती असायचं नाल्याला?"

ह्यांनी छातीवर हात ठेवला. "इथलोक. पण आताच्या माह्या छातीलोक. तवा मी एवढासा व्हतो."

बाईंनी पोरीकडे वळून म्हटलं, "बेटा, तू जरा पलीकडे चढून पाहा. शाळा दिसते का सांग."

पोरगी नाला उतरली, गोट्यांवरून गेली, पलीकडची दरड चढली. कपाळावर हात धरून पाहू लागली. "नहीं दिख रहा, पापा!"

"आणखी थोडी पुढे जा," बाई म्हणाल्या.

ती पुढे गेली. उन्हात तिचा फ्रॉक पांढरा-पांढरा दिसत होता. "अभी भी नहीं दिख रहा!"

बाईंनी हातानंच पुढे जायची खूण केली. पोरगी आणखी पुढे गेली. आता ती एवढीशी दिसायला लागली, आवाजसुद्धा नीट येईना. आणि एकदम आमचे हे उठले. नाल्यात उतरले, तोंडाभोवती हात धरले आणि ओरडले, "वापस ये! वापस ये वं पोट्टे! नोको जाऊ!"

ती धावत आली. ह्यांनी तिचा दंड धरला, आम्हा दोघींकडे न पाहता म्हणाले, "चाला रायपूरले. कसं बी करून राहू."

बाई म्हणाल्या, "कसंबी करून नाही. नीट विचार करून." आणि चपला हातात घेऊन परत फिरल्या.

पुढचे दिवस सोपे नव्हते, उगाच कशाला सांगू. ह्यांनी आधी एका कॉम्प्लेक्सची चौकीदारी केली, मग ई-रिक्षा चालवायला घेतली. मी सदर बाजारात एका सोनाराकडे पोळ्या करायला लागले. खोली आमची तीच राहिली, कारण खिडकीवाली जशपूरवालीकडे होती आणि तिची काय, मधल्या सगळ्यांचीच शाळा आमच्याहूनही लांब निघाली. बाईंनी मात्र आमची टिकली लावली. आमचं गाव महाराष्ट्रात, नकाशात मावेना, तर त्यांनी ती नकाशाच्या बाहेर, सरळ भिंतीवर लावली. म्हणाल्या, "नकाशा संपला म्हणून रस्ता संपतो का?"

सगळ्यांचंच असं झालं नाही. बलांगीरची माणसं एका वर्षी वीटभट्टीवर गेली ती आलीच नाहीत. तिच्या पोरीची वही बाईंनी किती तरी दिवस टेबलावर ठेवली होती. जशपूरवालीच्या मुलानं दहावीत शाळा सोडली, शाळा पाच मिनिटांवर असताना. बाई म्हणाल्या, "काहींची शाळा रस्त्यानं लांब नसते, घरातल्या ओझ्यानं लांब असते. त्याचं मला गणित येत नाही." आमची पोरगी पॉलिटेक्निक झाली. आज उरल्यातच एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, लोखंड तपासते. तिची शाळेची फी, कपडे, पुस्तकं बाईंनी भरली असं कोणाला वाटेल. त्यांनी एक पैसा दिला नाही. संध्याकाळी गणित शिकवलं, आणि चुकलं की चांगलं रागावल्या.

बाई आता नाहीत. माझ्या देवघरात त्यांचा फोटो नाही, त्यांना तो चालला नसता. पण सकाळी दिवा लावते तेव्हा एक हात त्यांच्या नावानं जोडते.

आणि आठवतात त्या परतीच्या गाडीत. दुसऱ्या दिवशीची दुपारची गाडी, डबा अर्धा रिकामा. बाई समोरच्या बाकावर तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या, फोड आलेले पाय माझ्या पिशवीवर ठेवून. सालेकसा गेलं, जंगल लागलं. हे पोरीच्या शेजारी बसले होते. मुलीशी ते तोवर कधी धड बोललेच नव्हते. जेवली का, झोपली का, एवढंच. त्या दिवशी कितीदा तरी घसा खाकरला आणि मग म्हणाले, "तू सांग बरं, तुले काय शिकाचं हाय?"

पोरगी आधी लाजली. मग म्हणाली, "पापा, आपके यहाँ लोहा लाल होता था ना, तो नरम क्यों हो जाता था?"

हे विचारात पडले. हातांकडे पाहिलं. म्हणाले, "मले काय मालूम पोरी. मी तर उचलूनच राह्यलो व्हतो."

"मैं पढ़ूँगी ना नौवीं में. शायद उसमें है."

"मंग मले बी सांगजो," ते म्हणाले, आणि तिच्याकडे सरकून बसले.